स्वानेपुलला कुठे पुरायचं

डेऑन स्वानेपुल फाटकाबाहेर उभा होता आणि बाजाबुलिले झुंगू त्याला खुशाल उभा राहू देत होती.

पाहुण्यानं फाटकाशी थांबायचं, घरच्या कुळाचं नाव, झुंगूंच्या घरी मान्झिनी, घेऊन हाक घालायची आणि आतून बोलावणं आल्याशिवाय पाऊल आत टाकायचं नाही, ही आमच्यातली रीत. डेऑनला ती शिकवायची गरज नव्हती. गोरा असला तरी याच मातीत वाढलेला. झुलू बोलायला लागला की पाठमोरा माणूस फसावा. टोपी छातीशी धरून त्यानं तिसऱ्यांदा हाक घातली, "मान्झिनी! मान्झिनींच्या दारात आलोय, आत येऊ का?"

बाजाबुलिले पडवीत बसून सुपात घेवडा सोलत होती. एकोणसत्तर वर्षांची बाई, पण कान असे तिखट की पलीकडच्या टेकडीवर कुणी शिंकलं तरी विचारील, कोण आजारी आहे म्हणून. आज मात्र तिला काही ऐकू येत नव्हतं.

"सिसी, अर्धा तास झाला," तिचा धाकटा भाऊ झ्वेलाखे दारातून म्हणाला. "ऊन बघ केवढं आहे. बोलाव त्याला."

"घाई कसली? पाय त्याचे दुखताहेत. तुझे नाहीत ना?"

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, फाटकाबाहेर उभं राहायची पाळी आज कुणावर आली बघा. म्हणू देत. मला ऐकायला आवडेल."

तिनं उरलेल्या शेंगा सोलल्या. टरफलं कोंबड्यांना टाकली, हात धुतले, झग्याला नाही तर चांगल्या फडक्याला पुसले आणि मग म्हणाली, "ये रे आत, छोटे बास." 'छोटे बास', म्हणजे धाकटे मालक, हे नाव तिनं मुद्दाम घेतलं. सत्तावन्न वर्षांचा, गुडघे कुरकुरणारा माणूस, पण शेतावरच्या गड्यांनी त्याला एके काळी याच नावानं हाक मारायची असं त्याच्या बापानं ठरवून दिलं होतं.

पडवीत एक खुर्ची होती. ती रिकामीच राहिली. डेऑन खालच्या ओंडक्यावर बसला.

"मा झुंगू, बाबा गेले," तो म्हणाला. "रविवारी पहाटे."

बाजाबुलिलेला पहिलं काय वाटलं असेल? आनंद नाही, दुःख तर नाहीच नाही. तिला वाटलं, फसवलं मला मेल्यानं. छत्तीस वर्षं ती एका गोष्टीची वाट बघत होती: बारेंट स्वानेपुल आपल्या पायांनी तिच्या फाटकाशी येईल, टोपी काढेल आणि काहीतरी मागेल. काय मागेल याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. तीन वर्षांपूर्वी कोर्टानं फालहुकचं हे सगळं शेत झुंगूंना आणि आणखी चार घरांना परत दिलं, पाच घरांचा एक ट्रस्ट झाला आणि बाजाबुलिलेला त्याची अध्यक्ष केलं. चावी घ्यायच्या दिवशी ती चर्चचे कपडे घालून पहाटेपासून तयार होती. पण चावी घेऊन आला वकिलाचा कारकून. म्हाताऱ्याला म्हणे विसरायचा रोग झाला होता, त्याला गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं होतं, स्वतःचं नावही त्याला सांगता येत नव्हतं. म्हणजे शेत गेलं हेसुद्धा त्याला धड कळलं नाही. आणि आता मेला, तोही झोपेत! अशा माणसांना मरण बरं असं अलगद येतं.

"बरं," ती म्हणाली. "मग?"

"आईशेजारी पुरायचंय त्यांना. डोंगरावर."

डोंगरावर, जुन्या बंगल्याच्या वरच्या अंगाला, लोखंडी कठड्यात स्वानेपुलांची चार पिढ्यांची थडगी होती. डेऑनची आई हाना तिथंच निजलेली. तिच्या अंगावर ठेवलेला दगड दोघांच्या मापाचा.

"दगडावर बाबांचं नाव आधीच कोरलंय," डेऑन म्हणाला. "फक्त तारीख राहिलीय."

"मग घाल की तारीख. दगडावर लिहायला मी कुठं नाही म्हणते?"

डेऑननं मान खाली घातली. कायदा त्यालाही ठाऊक होता. जुन्या थडग्यांना भेटायला तो केव्हाही येऊ शकत होता, पण नवा माणूस पुरायचा तर जमिनीच्या मालकाची परवानगी हवी. मालक ट्रस्ट. आणि ट्रस्टच्या बाकी मंडळींनी त्याला सरळ सांगून टाकलं होतं की हे झुंगूंचं प्रकरण आहे, मा झुंगू म्हणेल ते.

"गावातलं जुनं कबरस्तान भरलंय," तो म्हणाला. "ज्यांनी जागा आधी धरून ठेवल्यात त्यांनाच तिथं पुरतात. बाबांनी धरली नव्हती. त्यांना वाटायचं, आपल्याला आपला डोंगर आहे. आणि जाळायचं नाही असं ते शंभरदा सांगून ठेवायचे. मग राहतं ते फक्त..."

"फक्त काय? बोल ना."

"लोकेशनमधलं."

लोकेशन म्हणजे गोऱ्यांच्या गावापासून दोन मैल लांब, काळ्यांसाठी आखून दिलेली वस्ती. ती आखणारे गेले, नाव तेवढं राहिलं.

"लोकेशनमध्ये काय वाईट आहे?" बाजाबुलिलेनं विचारलं. "माझा बाप छत्तीस वर्षं आहे तिथं. कधी तक्रार केली नाही बिचाऱ्यानं."

डेऑननं टोपी मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "मा, मी विसरलेलो नाही."

"विसरणार कसा? बापासारखा रोग तुला अजून झालेला नाही. शनिवारी सांगते तुला काय ते."

"रविवारी पुरायचंय. पाहुणे यायला लागलेत."

"मग शनिवार म्हणजे अगदी वेळेवर. जा आता. फाटक लावून घे, शेळ्या बाहेर जातात."

आता विसरायचं काय नव्हतं, ते सांगते.

म्पियाखे झुंगू, बाजाबुलिलेचा बाप, याच शेतावर जन्मला आणि एकेचाळीस वर्षं त्यानं बारेंट स्वानेपुलची आणि त्याच्या बापाची गुरं राखली. स्वानेपुलला आमची माणसं मेहलोमाने म्हणायची, चारडोळ्या, कारण त्याचा चष्मा जाड होता आणि त्याला सगळं दिसायचं: कोण दोन मिनिटं उशिरा आलं, कुणाच्या बायकोनं मक्याची दोन कणसं जास्त नेली. म्पियाखे छातीच्या दुखण्यानं जूनमध्ये, आमच्याकडच्या ऐन थंडीत गेला. आमच्यात घरच्या कर्त्याला गुरांच्या वाडग्याच्या कडेला पुरतात, त्याच्या बापाच्या शेजारी. झ्वेलाखे तेव्हा तीस वर्षांचा. त्यानं आणि चुलत्यानं मिळून दिवसभर पहार मारली. जमीन गोठून दगडासारखी झाली होती; संध्याकाळी झ्वेलाखेच्या तळहातांची सालटी निघाली होती, पण खड्डा झाला.

दुसऱ्या दिवशी गावातून पेटी आली तर फाटकाला साखळी आणि कुलूप. आत चारडोळ्या उभा.

"तुमची रीत मला माहीत आहे," तो म्हणाला. "ज्याची थडगी त्याची जमीन. एक म्हातारा आधीच पुरलाय, आता आणखी एक नको. गावात न्या त्याला."

बाजाबुलिलेची आई गुडघ्यांवर बसली. बाजाबुलिले स्वतः बसली नाही, पण ती बोलली, हात जोडले, बास म्हणाली, बाबा म्हणाली. काय काय म्हणाली ते आठवलं की आजही तिला स्वतःची जीभ उपटून टाकावीशी वाटते. चारडोळ्यानं मागं वळून पोराला खूण केली. एकवीस वर्षांचा डेऑन ट्रॅक्टरवर होता, पुढं माती ढकलायचं पातं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत त्यानं तो खड्डा बुजवला. एका दिवसाचं काम चार मिनिटांत. वरून ट्रॅक्टर दोनदा फिरवून माती दाबली.

पेटी दोन दिवस फाटकाबाहेर होती. तिसऱ्या दिवशी पोलीस कुत्रं घेऊन आले, आणि म्पियाखे झुंगूला लोकेशनच्या कबरस्तानात, अनोळखी माणसांच्या रांगेत, एक नंबर ठोकून पुरलं. त्याच वर्षी झुंगूंना शेतावरून हाकललं. घरं जाळली, वाडगं नांगरलं, आज्याच्या थडग्याचे दगड ओढून ओहोळात टाकले. आणि मग पुढं खटल्यात हाच चारडोळ्या शपथेवर सांगतो, या शेतावर काळ्यांचं एकही थडगं कधी नव्हतं, वाडगं नव्हतं, काही नव्हतं. चोर तो चोर, वर शिरजोर!

पण शेण कधी लपतं का हो? शंभर वर्षं जिथं गुरं बसली तिथला मका दरवर्षी हातभर उंच यायचा, काळपट हिरवा, आणि तोही अगदी गोल. चारडोळ्याला वाटलं ही आपलीच कर्तबगारी. त्यानं त्या गोलात उभं राहून फोटो काढवून घेतला आणि शेतकीच्या एका मासिकात छापून आणला. त्या फोटोचं कात्रण झ्वेलाखेनं कोर्टापुढे ठेवलं. न्यायाधीश स्वतः बांधावर येऊन बघून गेले. सगळ्या खटल्यात बाजाबुलिले तेवढी एकदा हसली.

शेत मिळालं, तरी बाप लोकेशनमध्येच होता. हाडं उकरून आणायची परवानगी मिळवायला तीन वर्षं गेली. या कचेरीतून त्या कचेरीत कागद फिरले. शेवटी तारीख मिळाली ती हाच शनिवार. आणि बघा, नेमका त्याच आठवड्यात चारडोळ्या मेला. बाजाबुलिले म्हणायची, माझ्या बापानंच त्याला ओढला असेल, जाता जाता एक काम उरकून जाऊ म्हणून.

बुधवारी पाद्री आले. चहा प्याले, दोन खारे वडे खाल्ले आणि क्षमेवर बोलले. बाजाबुलिलेनं मान डोलवत सगळं ऐकून घेतलं.

"छान बोललात, बाबा," ती म्हणाली. "छत्तीस वर्षांपूर्वी हेच फाटकाच्या त्या बाजूला जाऊन बोलला असतात तर?"

"मी तेव्हा लहान होतो, मा."

"हो, ते राहिलंच. घ्या आणखी एक वडा."

खरं भांडण झालं ते गुरुवारी, झ्वेलाखेशी. दोघं नव्या वाडग्याची कुडं लावत होती. बापासाठी नवा खड्डा तिथंच, आज्याच्या शेजारी, आदल्या दिवशी खणून झाला होता.

"सिसी, देऊन टाक त्याला डोंगर," झ्वेलाखे म्हणाला. "आपल्याला त्या कठड्यातल्या हातभर जमिनीचं काय लोणचं घालायचंय? आपण जिंकलो. संपलं."

"तुझं संपलं असेल."

"मेलेल्या माणसाशी कसलं वैर?"

"वैर मी सुरू केलं?" तिच्या हातातली पहार तिनं खाली टाकली. "माझा बाप मेलेलाच होता रे! जिवंत माणसाला हाकललं असतं तर एक वेळ मी गिळलं असतं. मेलेल्याशी वैर त्यानं धरलं. मी फक्त ते पुढं चालवतेय."

"हाना बाईनं तेव्हा चहा पाठवला होता. आईसाठी घोंगडी पाठवली होती."

"चहा पाठवला होता. फाटक उघडलं नव्हतं."

झ्वेलाखे कुडाची दोरी आवळत राहिला. स्वभावच मऊ त्याचा, लहानपणी कोंबडी कापायची वेळ आली की हा ओढ्यावर पळायचा. "मला आता शांती हवीय, सिसी," तो म्हणाला. "सहासष्ट वर्षांचा झालो मी. किती दिवस दात आवळून झोपायचं?"

"तू शांत झोप. मी जागी आहे," ती म्हणाली आणि पहार उचलली.

पण एक सांगायलाच हवं. त्या दिवशी संध्याकाळी ती एकटी डोंगरावर चढून गेली. हानाचा दगड बघितला. बारेंट योहानेस स्वानेपुल, जन्मतारीख, आणि पुढं एक रेघ. रेघेपुढं कोरी जागा. तिथून खाली बघितलं तर झुंगूंचं वाडगं, तिचं घर, बापासाठी खणलेला खड्डा, सगळं तळहातावर दिसत होतं. हो म्हटलं तर हा इथून वर निजून जन्मभर, म्हणजे मरणभर, माझ्या बापावर नजर ठेवणार! नाही म्हणायचं हे तिथंच ठरलं. पण नुसतं नाही म्हणण्यात तिला चव वाटेना. नाही तर कुणीही म्हणतं. चारडोळ्यानंसुद्धा नुसतं नाही म्हटलं नव्हतं, ट्रॅक्टर फिरवला होता.

शनिवार उजाडला. टॅक्सीनं सगळे लोकेशनच्या कबरस्तानात गेले. बाजाबुलिलेच्या हातात एम्पाफाची फांदी होती. बोरीच्या जातीचं झाड, जोडीजोडीनं काटे, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. आपलं माणूस परक्या जागी गेलं असेल तर या फांदीवर त्याला बसवून घरी आणायचं. आणि ज्याच्या हातात फांदी, त्यानं घरी पोचेपर्यंत फक्त मेलेल्या माणसाशी बोलायचं. वाटेत नदी आली की सांगायचं, बाबा, नदी आली. वळण आलं की सांगायचं. जिवंत माणसाशी एक शब्द नाही, आणि जिवंतानं तिच्याशी बोलायचं नाही. बोललं तर मेलेला गोंधळतो, वाटेतच राहतो. असली चूक आमच्यात शेंबडं पोरसुद्धा करत नाही.

ती थडग्याच्या डोक्याशी उभी राहिली. "बाबा," ती म्हणाली, "मी बाजाबुलिले. न्यायला आलेय. उठा आता."

नगरपालिकेच्या माणसानं कागद बघितले. न्तुली नावाचा म्हातारा खड्डेकरी होता, त्यानं खणायला सुरुवात केली. कमरेएवढं झालं तेव्हा झ्वेलाखे म्हणाला, "पुढचं मी करतो," आणि कोट काढून स्वतः आत उतरला. वरची माणसं स्तोत्र म्हणत राहिली. थोड्या वेळानं स्तोत्र थांबलं, कारण आतून फावड्याचा आवाज बदलला होता. चिखलात पाय पडतात तसा पचपच आवाज येत होता.

"पाणी आहे," झ्वेलाखे खालून म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "सगळं पाणी आहे खाली. बाप पाण्यात होता. छत्तीस वर्षं पाण्यात होता."

"हा सगळा पट्टा पाणथळच आहे, भाऊ," न्तुली हळूच म्हणाला. "म्हणून तर हा आपल्याला दिला होता."

झ्वेलाखेनं हाडं एकेक करून वर दिली. कवटी, मांड्या, बरगड्यांचे तुकडे, घोंगडीची एक काळी चिंधी आणि बुटांचे रबरी तळवे, ते तेवढे जसेच्या तसे होते. मदतीला आलेल्या बायकांनी सगळं पांढऱ्या कापडावर घेतलं, छोट्या नव्या पेटीत मांडलं. बाजाबुलिले बघत होती. रडायचं तिनं ठरवून ठेवलं होतं, पण रडू आलं नाही. पाणी हा शब्द तिच्या डोक्यात घण मारल्यासारखा वाजत होता.

झ्वेलाखे वर आला तेव्हा गुडघ्यांपर्यंत चिखलानं भरला होता. आणि तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि काळा सूट घातलेला डेऑन उतरला.

आधी तो लांब उभा राहिला, टोपी काढून. पेटी बंद होईपर्यंत थांबला. मग घड्याळ बघितलं, रांगेतून वाट काढत सरळ बाजाबुलिलेसमोर येऊन म्हणाला, "मा झुंगू, मला उत्तर हवंय. डोंगरावर खणायला माणसं खोळंबलीत."

"हाऊ!" म्हणून सगळ्या बायकांनी एकदम तोंडावर हात घेतले.

"डेऑन!" झ्वेलाखे ओरडला. "तिच्या हातात काय आहे ते दिसत नाही तुला?"

डेऑननं फांदीकडे बघितलं. त्याचा चेहरा मानेपासून लाल झाला. त्याला माहीत होतं, चांगलं माहीत होतं. पण बाप शवागारात पडून असला की माणसाला स्वतःपुरतंच दिसतं. "माफ करा," तो पुटपुटला. "चूक झाली. पण उद्या... मला आज कळायलाच हवं."

आता हिनं तोंड फिरवून टॅक्सीत बसायचं, एवढंच बाकी होतं. सगळ्यांना तेच वाटलं. रीतही तीच होती, आणि त्यातच नकार आला असता. पण बाजाबुलिलेनं फांदी दोन्ही हातांनी छातीशी धरली, काटे पोलक्यात रुतले तरी, आणि पेटीकडे बघून बोलायला लागली. आवाज शांत होता, भाजीवालीशी बोलावं इतका साधा.

"बाबा, निघायच्या आधी एक काम आहे. हा डेऑन आलाय, मेहलोमानेचा लेक. ट्रॅक्टरवर होता ना, तोच. त्याचा बाप मेला, बाबा. सहा दिवस झाले, कुठं टेकायला जागा नाही त्याला. तुम्ही दोनच दिवस होता फाटकाबाहेर."

डेऑन ऐकत होता. शब्दन्‌शब्द त्याला कळत होता, हेच तर तिला हवं होतं.

"डोंगर मागतोय तो. डोंगर मी देत नाही. वर्षानुवर्षं त्याच्या बापानं वरून तुमच्यावर नजर ठेवली, आता तुम्हाला निवांत झोपू दे. हाना बाईशेजारची जागा मोकळीच राहील. तिचं मला वाईट वाटतं, पण तिनंही तेव्हा पडदा सरकवून बघितलंच होतं. पण बाबा, झुंगूंच्या दारातून माणूस विन्मुख गेला असं कुणी म्हणायला नको. तुमची ही जागा आता रिकामी झालीय. त्याच्याच बापानं तुम्हाला दिली होती. आपण छत्तीस वर्षं सांभाळली, गवत काढलं, कधी मोडू दिली नाही. जागेचा कागद आपल्या नावावर आहे. देऊन टाकू या का त्याला? खणायचेही कष्ट नकोत. मेहलोमाने तुमच्याएवढाच उंच होता, बरोबर बसेल. शेजार चांगला आहे. एका बाजूला खाणीतला म्हातारा, दुसऱ्या बाजूला त्या मान्देबेलेबाईची जुळी. थोडी ओल आहे म्हणा. पण सवय होते, तुम्हाला नाही का झाली?"

ती थांबली. वाऱ्यावर कुणाच्या तरी थडग्यावरची प्लॅस्टिकची फुलं खडखडत होती.

"हो म्हणताय ना?" तिनं पेटीला विचारलं. "मग दिली."

डेऑन एक पाऊल पुढं आला. त्यानं खड्ड्याकडे बघितलं. तळाशी पाणी पुन्हा जमत होतं, गढूळ, वीतभर. बाजाबुलिले त्याच्याकडे बघत होती, आणि तिनं मनाला विचारलं, लाज वाटते का गं? नाही वाटली. उलट तिला गोड वाटलं. छत्तीस वर्षं उपाशी असलेल्या माणसाला जेवण मिळालं की तो आधी देवाचे आभार मानत नाही, आधी खातो.

न्तुली खड्डेकरी अवघडून उभा होता. त्याला कामाची काळजी. "मग हा बुजवू का?" त्यानं सगळ्यांना मिळून विचारलं. "उघडा ठेवायचा तर कुणीतरी सांगायला हवं."

सगळ्यांना वाटलं आता झ्वेलाखे मध्ये पडणार. आठवडाभर त्यानं बहिणीच्या नाकदुऱ्या काढल्या होत्या, हे लोकेशनमध्येही पोचलं होतं. तो पुढं झाला खरा. चिखलानं भरलेलं फावडं त्यानं न्तुलीच्या हातातून घेतलं आणि डेऑनसमोर धरलं.

"बुजवायचा असेल तर तू बुजव," तो म्हणाला. "तुला सवय आहे."

डेऑननं फावडं घेतलं नाही. एकदा त्यानं बाजाबुलिलेकडे बघितलं. ती त्याच्याशी बोलू शकत नव्हती आणि तोही आता तिच्याशी बोलणार नव्हता. सूटच्या बाहीनं त्यानं तोंड पुसलं.

"उघडाच राहू द्या," तो न्तुलीला म्हणाला. "उद्या अकरा वाजता आणतो त्यांना."

झ्वेलाखेनं फावडं मातीत रोवलं आणि पेटीचं एक टोक उचललं. बाजाबुलिलेनं फांदी पुढं धरली आणि वाटेला लागली.

"बाबा, घेतली हो त्यांनी जागा," ती म्हणाली. "चला आपण. इथं उतार आहे, जपून या."